एका क्रियाविशेषणाचे मोल

एप्रिल २००७मध्ये एस्टोनियाच्या सरकारने राजधानी टालिनमधील सोव्हिएतकालीन सैनिकाचा पुतळा हलविला आणि पाठोपाठ त्या देशातील बँका, वृत्तपत्रे व मंत्रालये यांची संकेतस्थळे कोलमडू लागली. सीमा कोणी ओलांडली नव्हती, गोळी सुटली नव्हती. मग तक्रार कोणाविरुद्ध करावयाची आणि कोणत्या कायद्याच्या आधारे? जेमतेम तेरा लाख लोकसंख्येच्या त्या देशाकडे याचे उत्तर नव्हते. (खरे तर बलाढ्य राष्ट्रांकडेही ते नव्हते!)

एस्टोनियाने त्यानंतर संगणकांभोवतीचे कुंपण बळकट केलेच, पण माणसेही घडविली. २०१८ साली सायबर राजनयासाठी स्वतंत्र राजदूत नेमला, पुढे अन्य देशांच्या मुत्सद्द्यांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविले आणि जून २०२१मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद हाती येताच या विषयावर परिषदेची पहिली औपचारिक खुली चर्चा घडवून आणली.

अशा माणसांची गरज काय, हे २०१५च्या एका मसुद्यावरून कळते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटातील वीस देशांनी त्या वर्षी काही संकेत मान्य केले. त्यांपैकी एक असा, की आपल्या भूमीचा सायबर दुष्कृत्यांसाठी वापर कोणत्याही राष्ट्राने जाणूनबुजून होऊ देऊ नये. सारी मेख त्या 'जाणूनबुजून'मध्ये आहे! २०२२ साली खंडणीखोर टोळीच्या हल्ल्यांमुळे कोस्टारिकाला राष्ट्रीय आणीबाणी पुकारावी लागली. टोळीला आश्रय देणाऱ्या राष्ट्राला तिची माहिती होती, हे पीडिताने सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी तांत्रिक पुरावा वाचू शकणारा अभियंता, कायदेपंडित आणि मुत्सद्दी एकत्र बसावे लागतात. २०१९पासून चर्चेचे दार सर्व सदस्य राष्ट्रांना उघडले खरे. परंतु असे त्रिकूट ज्यांच्यापाशी नाही, त्यांना खुर्ची मिळूनही इतरांचेच शब्द ऐकावे लागतात.

२०१५च्या त्या वीस देशांत एस्टोनिया होता, पाकिस्तान होता, भारत नव्हता. आधीच्या व नंतरच्या काही गटांत आपण होतो, हे मान्य. पण नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणकयंत्रणा बंद पडून रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या, तेव्हा हा विषय किती जवळ आला आहे ते दिसले. जगाला अभियंते पुरविणाऱ्या या देशाच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी मात्र सुमारे हजारच. त्यातही बदल्यांचे चक्र असे, की विषय अंगवळणी पडेपर्यंत अधिकारी दुसऱ्या राजधानीत!

जुलै २०२५मध्ये या चर्चांसाठी संयुक्त राष्ट्रांत कायमस्वरूपी यंत्रणा स्थापण्यावर एकमत झाले. तिच्या बैठकांना जाणाऱ्या भारतीय पथकात अभियंते किती, विधिज्ञ किती आणि ते त्या पदावर किती वर्षे राहणार, हा प्रश्न संसदेत कोणी विचारील काय?