वजनकाट्यावर विसंबू नये

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून धास्तावलेला रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. रुग्ण स्थूल असला तर मेदोहर गुग्गुळ द्यावा आणि कृश असला तर अहवालाकडे दुर्लक्ष करावे, ही रीत आम्हीही अनेक वर्षे पाळली. ती चुकीची होती, असे आज आमचे मत आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के. हा भेद वजनकाट्याला दिसत नाही.

त्वचेखाली मेद साठविण्याची क्षमता अपुरी पडली की तो उदरात व यकृतात साचतो. अशा यकृतावर इन्सुलिनचा अंमल नीट चालत नाही. उपाशीपोटीही ते रक्तात गरजेपेक्षा अधिक साखर सोडत राहते. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन स्रवते आणि तेच इन्सुलिन यकृतात नव्या मेदाची भर घालते. हे चक्र मधुमेहाचे निदान होण्यापूर्वी कित्येक वर्षे चालू असू शकते.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या दूष्यांत मेदाला अग्रस्थान देताना तो ‘बहु’ आणि ‘अबद्ध’ असा सांगितला, तसेच स्थूल व कृश असे दोन्ही प्रमेही वर्णिले. प्राचीनांना इन्सुलिन ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. मात्र मेद किती, याबरोबरच तो कसा, हेही पाहण्याची दृष्टी आपल्याच ग्रंथांत आहे. ती आपण का सोडावी?

म्हणून नाडीपरीक्षेसोबत मोजपट्टीही हाती घ्यावी. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक कंबर हा इशारा समजावा. मद्यपानाविषयी आवर्जून विचारावे. रक्तशर्करा व यकृताच्या तपासण्या कराव्यात. स्थूल रुग्णाचे वजन सात ते दहा टक्के घटले तरी यकृताला मोठा लाभ होतो. मात्र मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना लंघन सांगण्यापूर्वी मात्रेचा विचार झालाच पाहिजे. अन्यथा साखर एकाएकी उतरण्याचा धोका संभवतो.

औषधी विक्रेत्या बंधूंना एकच विनंती. ‘लिव्हरसाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री कदाचित बुडेल; आयुर्वेदावरील विश्वास मात्र टिकेल.