कोरफडीची तहान

अम्मी गेली त्या वर्षी तिच्या अंगणातली कोरफड मी माझ्याकडे आणली. अम्मी तिला घीकुवार म्हणायची. आम्हा बहिणींपैकी कुणाचा हात पोळला की आधी तिचंच पान कापलं जाई.

यंदाच्या पावसाळ्यात तिची पानं पिवळी, मऊ पडली. मला वाटलं, तहानली असेल. शाळेतून आले की रोज तांब्याभर पाणी घालू लागले. आठ दिवसांत बुंधा काळा पडला, कुंडीला कुबट वास येऊ लागला.

तेव्हा कुठे मातीत बोट घालून पाहिलं. आत नुसता चिखल! बहिणींनो, मुळांनाही हवा लागते. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं सुकल्यासारखी दिसतात आणि आपण आणखी पाणी ओततो. पानं मऊ आणि माती ओली असेल, तर पाणी लगेच थांबवा.

मी रोप उपटून मुळं धुतली. पांढरट, टणक मुळं चांगली. काळी, बुळबुळीत ती कुजलेली. सुरी स्पिरिटने पुसून कुजका भाग कापत गेले. कापावर तपकिरी डाग दिसेना तोवर थांबले नाही. शेवटी हाती उरला फक्त शेंडा आणि बाजूची दोन पिल्लं. ती लगेच लावली नाहीत. पाच दिवस सावलीत, वाऱ्याला ठेवली. काप सुकून त्यावर खपली धरली की मगच लावायचं.

कुंडी मातीची, खाली भोक असलेली घेतली. जुनी माती फेकली. निम्मी नवी माती, निम्मी जाड वाळू आणि थोडे विटांचे तुकडे मिसळले. लावल्यावर आठवडाभर पाणी दिलं नाही. कुंडी पावसापासून आत, उजेडाच्या खिडकीत ठेवली. एक सांगते, कोरफडीचं नुसतं पान खोचून रोप होत नाही, ते बहुधा कुजतं. पिल्लं जपा.

शेंडा काही जगला नाही. पिल्लं मात्र जगली. महिन्याभराने दोन्हींच्या मधून हिरवं टोक निघालं. एक मी धाकट्या बहिणीला दिलं. ती कुंडी हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली. निघताना म्हणाली, "आपा, रोज पाणी घालीन हं."

मी म्हटलं, "नको गं. आधी मातीत बोट घालून बघ."