मदतीचा वार कोणता?

इतवारीच्या किराणा ओळीत बाळंतिणीचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. डिंक, खारीक, गोडंबी, अळीव, मेथ्या, सुंठ, बाळंतशेपा, धुरीचा ओवा. यादी न्यायला विसरलात तरी टेन्शन नाही. जुन्या दुकानदारांना ती तोंडपाठ असते. पिशवी भरते, पाठवलेला नवरा खूश होऊन घरी येतो, ओट्यावर पिशवी ठेवतो आणि लॅपटॉप उघडून कॉलवर बसतो.

आता पुढचा सीन. बाळ मांडीवर. तीन वर्षांची मोठी गाऊनचं टोक ओढून ‘मला आत्ता पोळी-साखरच पाहिजे’ म्हणून राहिली. सासूबाई अमरावतीला, आईचे गुडघे दुखतात. कामवाली बाई आज येणार नाही. हे लाडू वळणार कोण?

लाडू हल्ली रेडिमेडही मिळतात हो. रेडिमेड मिळत नाही ती दोन जास्तीची हातं. आणि ती हातं कुठून आणायची, हा आजच्या कॉलमचा विषय आहे.

वाड्यातला फंडा

इतवारी, महाल, गांधीबाग या जुन्या नागपुरात जी पिढी वाड्यात आणि चाळीत वाढली, तिला हा प्रश्न पडला नाही. बाळंतीण एका खोलीत, जाऊबाई स्वयंपाकघरात, मालिशवाली बाई सकाळी आठला हजर. मोठं पोट्टं तर घरात सापडायचंच नाही. ते समोरच्या काकूंकडे जेवून, त्यांच्याच पोरांसोबत आडवं झालेलं असायचं. जाता-येता कुणीतरी दारातून डोकवायचं, ‘काय वं, झोपलं का बाळ?’ या सगळ्याला कुणी ‘सपोर्ट सिस्टीम’ म्हणत नव्हतं. रोजचंच होतं ते.

पण उगाच गहिवरायला नको. याच गर्दीतून ‘पुन्हा मुलगीच का?’ हेही ऐकायला मिळायचं. पहिलं पिवळसर चिकाचं दूध ‘खराब’ म्हणून टाकून देणाऱ्या आज्या इथल्याच. घुटी, मध, ग्राइप वॉटर यांचा आग्रह इथलाच. म्हणजे आपल्याला वाड्यातली हातं पाहिजेत, पण तिथली कॉमेंट्री नको. आणि असं जमतं! जमवून दाखवलेलंही आहे.

तारखा ठरलेल्या असतात, बॉस

सव्वा महिना म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. आता एक योगायोग बघा. सरकारच्या ‘होम बेस्ड न्यूबॉर्न केअर’ कार्यक्रमात दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताईंनी घरी कोणत्या दिवशी जायचं हे ठरलेलं आहे. ३रा, ७वा, १४वा, २१वा, २८वा आणि ४२वा दिवस. म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर थोडेसे दिवस.

या कार्यक्रमाचं मूळ आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये साध्या गावातल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या घरोघरी जायच्या, बाळाला तपासायच्या, आईला दूध पाजायला मदत करायच्या, धोक्याची लक्षणं ओळखायच्या. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात बालकांचा मृत्युदर, हे काम जिथे झालं नाही अशा शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी होता. २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हातात दिली गेली.

दुसरं उदाहरण झारखंड-ओडिशाचं. ‘एकजूट’ या संस्थेनं तिथे बायकांचे गट बसवले. दर महिन्याला एक बैठक, चालवणारी त्यांच्यातलीच एक. कुणाच्या बाळंतपणात काय अडलं, पुढच्या वेळी गावानं काय करायचं, एवढंच बोलायचं. २०१० मध्ये निकाल छापून आले. नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी झाला होता. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी उतरलं होतं. महिन्यातून एकदा बसून बोलल्याचा हा परिणाम!

या दोन्हींत कॉमन काय? मदत ‘कधीतरी’ येत नव्हती. तिचा दिवस ठरलेला होता.

तिला नुसतं ‘थकलीय’ म्हणू नका

‘पहिले काही दिवस रडू येतंच, हार्मोन्स असतात’ हे खरं आहे. बहुतेक जणींचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. पण काहींचं ओसरत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. म्हणजे साधारण चौघी-पाचजणींमागे एक. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती, आणि मुलगी झाली की मारहाण, उपासमार यांचा मार आणखी जोरात बसत होता.

त्याच गोव्यात पुढे ‘संगाथ’ संस्थेनं स्थानिक बायकांना तयार केलं. मानसोपचाराचं शिक्षण नाही, पण स्वतः लेकरं वाढवलेली. नाव दिलं ‘सखी’. गरोदरपणापासूनच सखी नैराश्य असलेल्या आईच्या घरी जायची, ऐकायची, रोजची छोटी कामं ठरवून द्यायची. २०१९ मध्ये आलेल्या निकालांनुसार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण या आयांमध्ये जास्त होतं. चमत्कार झाला नाही, पण फरक पडला.

तुमच्या मैत्रिणीची उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलून गेली, तर लाडू बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइनही आहे, नंबर १४४१६, फुकट आणि २४ तास. फोन तुम्हीच लावा आणि तिच्या हातात द्या. तिला ‘तू लाव बरं का’ सांगून निघून जाऊ नका.

आणि मोठ्याचं काय?

दुसऱ्या बाळंतपणात सगळ्यात दुर्लक्षित व्यक्ती कोण? घरातलं मोठं लेकरू. बारशाला वीस जण येतात, वीसच्या वीस पाळण्यावर वाकतात. मोठी कोपऱ्यात फुगे फोडत बसते. आठवडाभरात ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागते, बोबडं बोलते, बाटली मागते. घरचे म्हणतात, ‘एवढी मोठी ताई झालीस आणि...’ अहो, परवापर्यंत ती या घरातलं बाळच होती की!

भेटायला येणाऱ्या बायकांचा एक ठरलेला प्रकार असतो. येतात आणि लग्गेच मोठ्याला उचलून बाहेर नेतात, आईला ‘मोकळं’ करायला. चांगलंच आहे, अधूनमधून करा. पण कधीतरी उलटं करून बघा. पाजून झालेलं बाळ तुम्ही घ्या आणि आईला मोठ्यासोबत अर्धा तास द्या. दार लावून. पत्ते, चित्रं, गोष्ट, नुसतं लोळणं, काहीही. आईला तिच्या पहिल्या लेकराची आठवण येत असते, घर तेच असलं तरी. हे ती कुणाला सांगत नाही, कारण ‘दोघं माझीच, मग आठवण कसली’ असं तिला स्वतःलाच वाटतं. ज्या बाईनं स्वतः दोन वाढवलेत, तिला मात्र हे न सांगता कळतं. म्हणून तर आईला आईच लागते.

‘काही लागलं तर सांग’ ऐवजी

हे वाक्य आपण सगळेच फेकतो. ऐकायला गोड, कामाला शून्य. कारण आता काय लागतंय ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच गिळून फोन करायचा, ही तीन कामं त्या झोप न झालेल्या बाईच्याच गळ्यात पडतात. त्यापेक्षा असं बोला:

• ‘मंगळवारी चारला येते. मोठीला गांधीबाग गार्डनमध्ये नेते, सहाला आणून सोडते.’

• ‘गुरुवारचा डबा माझ्याकडून. वरण, भात, एक भाजी. डबा परत द्यायची घाई नाही.’

• ‘शनिवारी अकरा ते एक मी बाळाजवळ आहे. तू झोप. मी उठवणार नाही, बाळ भूक लागून रडलं तरच उठवेन.’

• ‘बारशाला बाळाला नाही, तुझ्या मोठ्याला गिफ्ट आणते.’

• सल्ला द्यायचाच असेल तर एकच द्या, आणि तोही घरच्या आज्यांसमोर: सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध पुरतं, वरून पाणी नको. नागपूरच्या उन्हाळ्यातही नको. जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते तसं. हे वाक्य सुनेनं बोललं की वाद होतो, पाहुणीनं बोललं की ऐकून घेतात.

एक पथ्य मात्र पाळा. दूध येत नाही म्हणून घरच्या घरी एकीचं काढलेलं दूध दुसरीच्या बाळाला देऊ नका. त्यासाठी मिल्क बँका आहेत. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. तिथे दूध देणारीची तपासणी होते, दूध पाश्चराइज होतं आणि मग ते ज्याची आई पाजू शकत नाही अशा नाजूक बाळाला मिळतं. न पाहिलेल्या बाळासाठी दूध देणारी आई! सपोर्ट सिस्टीम याहून मोठी ती काय असणार?

ऑफिसचं मीटर सुरू झालं की

२०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, हेही त्यात आहे. पुढे या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. तुमच्या ऑफिसात हे पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे? माहीत नसेल तर एचआरला विचारा. रजेवर असलेल्या बाईनं विचारायच्या आधी तिच्या टीममधल्यांनी विचारलेलं बरं, पुरुषांनीही. बाबांचं म्हणाल तर केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खासगी कंपनीत मात्र सगळं कंपनीच्या मर्जीवर.

परत आलेल्या मैत्रिणीला पहिल्या महिन्यात दोन गोष्टी लागतात. दूध काढायला कडी लागणारी एक खोली आणि ते ठेवायला फ्रिजमधला एक कप्पा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं वाचलं असेल, पण तो हिशोब २५ अंशांपर्यंतचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सरळ फ्रिजच. तिथे ते चार दिवसांपर्यंत चालतं. आणि साडेपाचला ती निघाली की ‘हाफ डे का?’ हा जोक नको. ती दुसऱ्या शिफ्टला निघालेली असते.

तर, वार ठरवा

आपलं नागपूर याबाबतीत झकास शहर आहे. इथले बाजारच वारांच्या नावाचे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिचरा. बाजाराचा दिवस ठरलेला होता म्हणून विकणारा यायचा आणि घेणाराही यायचा. मदतीचंही तसंच करायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, जुन्या कॉलेज ग्रुपमध्ये लहान बाळं असलेल्या तिघी-चौघी शोधा. प्रत्येकीनं एक वार घ्यायचा, दोन तास, एक काम. ज्या आठवड्यात जमणार नाही, त्या आठवड्यात आदल्या दिवशी कळवायचं आणि दुसरीला वार द्यायचा. कुणी किती वेळा केलं याची वही ठेवायची नाही. आज तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे, पुढच्या वर्षी तुमचं असेल, आणि नसलं तरी काही बिघडत नाही.

बाळ नसलेल्यांनाही प्रवेश आहे. नवऱ्यांनाही. त्यांना तर दोन वार द्या!

तिला आज फक्त एवढाच मेसेज टाका: ‘बुधवार माझा. पाच वाजता येते.’ आणि बुधवारी पाच वाजता खरंच जा.