पाण्यावरची बिऱ्हाडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापलीकडे रिचर्डसन बे नावाची एक उथळ खाडी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिच्या काठी, सॉसालिटो येथे, जहाजबांधणीचा प्रचंड कारखाना उभा राहिला. युद्ध संपताच तो बंद पडला आणि मागे उरलेल्या जुन्या पडावांत लोकांनी बिऱ्हाडे थाटली. प्रथम कलावंत आले. पुढे, काठावरच्या घरांचे भाडे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, ते आले. या मंडळींचे करावयाचे काय, हा प्रश्न अनेक दशके लोंबकळत होता. अखेर २०२१ च्या करारान्वये खाडीत नांगर टाकून राहणाऱ्यांना हलविण्यासाठी ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरली. अशा बिऱ्हाडांचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो तो पाण्यात सोडल्या जाणाऱ्या मैल्याचा. तो कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मैल्याबाबतचा कायदा निःसंदिग्ध आहे. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यानुसार किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत बोटीतील मैला प्रक्रिया केल्याविना सोडता येत नाही. बोटीवर शौचकूप बसविलेला असेल, तर शुद्धीकरणाचे यंत्र तरी हवे, किंवा मैला साठविणारी टाकी तरी. राज्यांना याहून पुढे जाऊन शुद्ध केलेला मैला सोडण्यासही बंदी करता येते, आणि रिचर्डसन बे हे अशाच संपूर्ण मनाईचे क्षेत्र आहे. मात्र अशी मनाई करण्यापूर्वी टाक्या उपसून घेण्याची पुरेशी सोय तेथे आहे, याची खात्री केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने साधारणतः करून घ्यावयाची असते. ही सोय वाढावी म्हणून १९९२ साली स्वतंत्र कायदा झाला आणि उपसाकेंद्रांच्या खर्चाचा पाऊण हिस्सा केंद्राकडून मिळू लागला. धक्क्याला लागू न शकणाऱ्या बोटीपाशी स्वतः जाणाऱ्या उपसा-बोटीही त्यातून उभ्या राहतात. आधी सोय, मग सक्ती, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो, ही गोष्ट वेगळी.

वास्तव्याच्या नियमांत मात्र हा क्रम दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागरावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाच्या धोरणानुसार कोणत्याही मरिनामध्ये, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवण्याच्या धक्क्यांवर, एकूण जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक बोटींत वस्ती करता येत नाही. यामागील तत्त्व क्षुल्लक नाही. भरतीचे पाणी आणि त्याखालची जमीन ही सर्व जनतेची ठेव आहे. नौकानयन, मासेमारी, विहार यांसाठी ती आहे, कोणाच्या खासगी घरासाठी नाही. उपसागरात भराव घालून जमीन काढण्याचा सपाटा चालू असता, त्याविरुद्धच्या लोकचळवळीतून १९६५ साली हा आयोग जन्मास आला. पाण्यावर वसाहत वाढू देण्याची धास्ती त्याने बाळगावी, हे समजण्यासारखे आहे. शिवाय आंघोळीचे व भांडी धुतल्याचे पाणी खासगी बोटींच्या बाबतीत १९७२ च्या कायद्यातील मैल्याच्या व्याख्येत येत नाही, आणि ज्याचे बिऱ्हाडच बोटीवर आहे त्याचे ते पाणी रोजचे असते. नांगराची साखळीही निरुपद्रवी नाही. बोट वाऱ्याने व भरती-ओहोटीने फिरते, तिच्याबरोबर साखळी तळाशी घासत फिरते आणि सागरी गवत वर्तुळाकार खरवडले जाते. याच गवतावर हेरिंग मासा अंडी घालतो.

हे आक्षेप गंभीर आहेत. पण त्यांतला कोणताही मैल्याचा नाही. साखळीवर उपाय म्हणजे बोट गवतावरून हलवून धक्क्याला बांधणे. धक्क्याला बांधलेल्या बोटीची टाकी उपसणेही सोपे. परंतु तिथे दहा टक्क्यांची मर्यादा आड येते, आणि जागेचे भाडेही. काही रहिवाशांना जमिनीवर घर मिळावे म्हणून पुढे सरकारी साहाय्य झाले, हे खरे. ते मुदत ठरल्यानंतर सुचले, हेही खरे.

पाण्याच्या शुद्धतेसाठी एवढी कडक शिस्त बिऱ्हाडकरूंकडून अपेक्षिली जात असता, शेजारच्या महानगराचे वर्तन पाहण्यासारखे आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या बहुतेक भागात पावसाचे पाणी व सांडपाणी एकाच गटारातून वाहते, आणि अतिवृष्टीत ते तुंबून समुद्रात व उपसागरात उतरते. आपण सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राची प्रत बिघडता कामा नये, ही सरसकट अट शहराने न्यायालयात आव्हानिली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी खटला जिंकला. शहराची कायदेशीर बाजू बळकट असेलही. पडावावरच्या माणसाला असा खटला लढविता येत नाही, एवढेच.

आयोगाच्या धोरणात एक पळवाट मुळातच आहे: धक्क्याच्या सुरक्षिततेसाठी अधिक बोटींवर वस्ती हवी, असे मालकाने सिद्ध केल्यास दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडता येते. पहारेकरी म्हणून जो माणूस बोटीवर चालतो तोच टाकी भरून, भाडे भरून राहणारा बिऱ्हाडकरू म्हणून का चालू नये, याचे उत्तर आयोगाने मुदत संपण्याच्या आत द्यावयास हवे होते.