दुर्बीण नसली तरी चालेल, गलोल मात्र नको



पक्षी सप्ताह जवळ आला म्हणून बाईंनी वर्गात विचारले, पक्षी बघायला कोण कोण येणार? आपल्या राज्यात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस असतो आणि १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा. तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आपल्याकडं कुठं पक्षी हायेत? कावळा, चिमणी, पोपट, संपलं. आणि दुर्बीण पण नाही." सगळे हसले. मी पण हसलो. पण ते मला पटले नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे.

माझे मत असे आहे की सुरुवातीला दुर्बीण लागत नाही. ज्याला अंगणातला पक्षी ओळखता येत नाही त्याला दुर्बीण दिली तर तोच न ओळखलेला पक्षी मोठा दिसेल, एवढेच.

हे मला कसे कळले ते सांगायला लाज वाटते. पण बाई म्हणाल्या, खरे असेल तर लिही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे गलोल होती. बाभळीचे बेचके आणि सायकलच्या ट्यूबचे रबर. मीच केली होती आणि माझा नेम चांगला होता. मळ्यातल्या लिंबावर एक काळा पक्षी बसला होता. मला वाटले कावळ्याचे पिल्लू असेल. कावळे आज्जीच्या कुरडया नेतात म्हणून मला काही वाईट वाटले नाही. एकाच खड्यात तो खाली आला. हातात घेतला तर तो कावळा नव्हताच. शेपूट लांब आणि टोकाला दोन फाटे, माशाच्या शेपटासारखे. पिसे तेल लावल्यासारखी चकचकीत. चोचीच्या मुळाशी अगदी बारीक पांढरा ठिपका. अंग अजून गरम होते.

आजोबा मोटर बंद करून आले. त्यांनी मला मारले नाही. "आरं, ह्यो कोतवाल हाय," एवढेच म्हणाले आणि बांधावर बसले. मग त्यांनी सांगितले की कोतवाल हा झाडाचा राखणदार असतो. कावळा येऊ दे नाहीतर घार, हा एवढासा पक्षी तिच्या मागे लागतो. म्हणून होल्यासारखे गरीब पक्षी त्याच्या शेजारी घरटे करतात. "वर बघ," म्हणाले. वर खरंच होल्याचे घरटे होते. चार काटक्या टाकल्यासारखे. मी चढून बघितले, दोन पांढरी अंडी होती. चौथ्या दिवशी एक पण नव्हते. कावळ्यांनी नेली असे आजोबा म्हणाले. राहिलेला कोतवाल तारेवर एकटा बसायचा. एकटा तो किती पुरणार?

मला कोतवालाचा राग नव्हता. तो मला माहीतच नव्हता. रोज म्हशीच्या पाठीवर बसून किडे पकडणारा तोच हा, हे पण नंतर कळले.

बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी सालिम अलींची गोष्ट सांगितली. ते पण माझ्याएवढे असताना मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती चिमणी ते कळेना म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी ती ओळखून दिली आणि जपून ठेवलेले पुष्कळ पक्षी दाखवले. तिथून त्यांना नाद लागला आणि १९४१ साली त्यांचे भारतातल्या पक्ष्यांचे पुस्तक निघाले. पण प्रत्येकाने एक एक पक्षी मारून मग शिकायचे म्हटले तर पक्षी उरायचे नाहीत. त्यांचा एक आणि माझा एक, तेवढे पुरे झाले.

मी गलोल चुलीत घातली. रबराचा वास सुटला म्हणून आई ओरडली.

आता मी असे करतो. पक्षी दिसला की नाव विचारत नाही. आधी तीन मापे लावतो. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? बुलबुल चिमणीपेक्षा मोठा आणि साळुंकीपेक्षा लहान, डोक्यावर तुरा आणि बुडाखाली लाल. मग शेपूट बघायचे, चोच बघायची आणि तो काय करतो ते बघायचे. काय करतो यावरून सगळ्यात लवकर ओळखू येतो. तारेवरून उडून माशी पकडली आणि परत त्याच जागी येऊन बसला, रंग हिरवा, शेपटात दोन बारीक काड्या, की समजा वेडा राघू. खंड्या फक्त पाण्याजवळ असतो असे मला वाटायचे, पण तो आमच्या खांबावर बसून खाली नाकतोडे धरतो. कुंपणातून चालत जाणारा काळा पक्षी, पंख तांब्याच्या घागरीच्या रंगाचे आणि डोळे लाल, तो भारद्वाज. आणि सुगरण म्हणतात खरे, पण खोपा विणतो तो नर. ताई हे घरात सगळ्यांना सांगत फिरते.

काही जण म्हणतील, पाखरं ज्वारी खातात, मग हाकलायची नाहीत का? हाकला. डबा वाजवा. पण कणसावर कोण बसलाय आणि किड्यावर कोण टपलाय ते तरी ओळखा. कोतवाल दाणे खात नाही. नांगरामागे चालणारा गायबगळा पण खात नाही.

पालकांना एक सांगायचे आहे. टिटवी ओरडली की आज्जी म्हणते, काहीतरी वाईट होणार. मला हे पटत नाही. टिटवीची अंडी उघड्या रानात जमिनीवर असतात आणि खड्यांसारखी दिसतात. कोणी जवळ आले की ती ओरडते. म्हणजे ती आपल्याला भिते. औंदा नांगरट करताना बाबांनी तशा चार अंड्यांभोवती दोन हात जागा सोडली. ट्रॅक्टरवाले काका हसले, पण त्यांनी पण वळसा घातला. तुमच्या रानात दिसली तर तेवढी जागा सोडा. आणि विहिरीवरच्या ज्या बाभळीला खोपे लटकलेत ती बाभळ यंदा तोडू नका.

आमच्या वर्गाची यादी फळ्याशेजारी लावली आहे. तिच्यात सव्वीस नावे झाली. सत्ताविसावा पक्षी थंडीत नळाच्या ओलीपाशी येतो. चिमणीपेक्षा थोडा लांबट, काळा-पांढरा, तुरुतुरु पळतो आणि शेपूट सारखे वरखाली करतो. नाव मला कळले आहे, पण मी सांगणार नाही. सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन बघा.

(इयत्ता ४ थी)