तलाव भरतो, तहान भागत नाही

पवईचा तलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो बांधला कशासाठी, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मुंबईकरांची तहान भागावी म्हणून इंग्रजी अमदानीत, १८९१ च्या सुमारास हा तलाव तयार झाला. लाखो रुपये खर्च झाले, बांध उभा राहिला, पाणी साठले. पण थोड्याच वर्षांत ते पिण्यालायक नाही असे ठरले. आजही पावसाळ्यात तो भरून वाहतो. सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी त्यात मावते. पण ते कारखान्यांच्या आणि इतर वापराच्या कामी येते. काठावरच्या घरांतले लोक पाणी पितात ते दूरच्या भातसा-वैतरणेचे!

दुनियेच्या दौलतीचेही असेच आहे. डोळ्यांना भरलेली दिसते, पण तिने तहान भागत नाही.

याच काठावर आज उंच इमारती आहेत. खिडकीतून तलाव दिसत असेल तर घराची किंमत वाढते. ते घर मिळावे म्हणून नवरा-बायको वीस-वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतात. त्यातल्या व्याजाचा प्रश्न तर आहेच. पण हप्त्याबरोबर आणखी काय जाते, याचा हिशेब कोण ठेवतो? सकाळी मुले उठण्याआधी बाप घर सोडतो, रात्री ती झोपल्यावर परततो. असरची नमाज मीटिंगमध्ये जाते. गावाकडची आई फोनची वाट पाहत बसते. ज्या खिडकीसाठी एवढे केले, तिच्यापाशी दोन घडी बसायला घरात कोणालाच सवड नसते. तोवर शेजाऱ्याने मोठे घर घेतलेले असते, आणि मन पुन्हा बेचैन होते.

कुरआनच्या सूरह तकासुरमध्ये याच रोगाचे निदान आहे. एकमेकांपेक्षा जास्त मिळवण्याची ओढ माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवते, असा इशारा तिथे दिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही समजावले आहे की, माणसाला सोन्याची एक दरी मिळाली तर तो दुसरी मागेल, त्याची हाव अखेर मातीच भरते. कारूनच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना बलवान माणसे वाकत असत. जमिनीने त्याला घरासकट गिळले तेव्हा त्यातले काहीच कामी आले नाही.

याचा अर्थ कमाई सोडून बसावे असा नाही. हलाल रोजी कमावणे आणि घरच्यांना सुखात ठेवणे हे पुण्याचेच काम आहे. हजरत उस्मान (रजि.) मोठे व्यापारी होते. मदीनेत पाण्याची टंचाई होती, तेव्हा त्यांनी रूमाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली. दौलत त्यांच्या हातात होती, दिलात नव्हती.

पवईच्या जुन्या इतिहासातही याला साजेसे उदाहरण सापडते. १८२९ मध्ये इथली जमीन फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे भाडेपट्ट्याने आली. त्यांनी इथे बागा फुलवल्या, ऊस लावला. इथले आंबे १८३८ मध्ये थेट राणी व्हिक्टोरियाला पाठवले. आज ना तो ऊस आहे, ना त्या आंब्यांची चव कोणाला आठवते. पण १८३९ मध्ये शहरातल्या धोबी तलावाच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठी रक्कम खर्च केली, त्याची नोंद राहिली. स्वतःसाठी मिळवलेले गेले, तहानलेल्यांसाठी दिलेले आठवणीत राहिले.

मग आपण काय करावे? मोठा खर्च ठरवण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून विचारावे: याची गरज आहे, की फक्त शेजाऱ्याची बरोबरी करायची आहे? यासाठी कोणाचा वेळ आणि कोणाचा हक्क खर्ची पडणार आहे? आणि घरात जे येते, त्यातला दुसऱ्याचा वाटा आपण काढतो का? मुलांसमोर असे बोलणे झाले तर कनाअत म्हणजे काय, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

जनाजा उठतो तेव्हा नातलग आणि माल कबरीपर्यंत येतात आणि परततात. आत उतरते ते फक्त आपले अमल. तिथली तहान भागवील असे पाणी इथूनच न्यायचे आहे. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि दिलाला समाधान देवो. आमीन.