जर्मनीत म्हणे मर्यादाच नाही!

द्रुतगती मार्गावरच्या ई-चलनांचा विषय निघाला की कुणीतरी जर्मनी काढतंच. या आठवड्यात काढला तो शंभरच्या रस्त्यावर सव्वाशेनं सापडलेल्या एका गृहस्थांनी. 'ऑटोबानवर मर्यादाच नसते हो!'

अर्धं खरं आहे. ऑटोबानच्या बऱ्याच भागावर मोटारींना सक्तीची मर्यादा नाही. पण १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा शिफारशीचा वेग आहे, आणि आमचे जर्मनीभक्त नेमकं तेवढंच गाळतात. १३० ओलांडल्याबद्दल कुणी पावती फाडत नाही. अपघात झाला तर मात्र, चूक समोरच्याची असली तरी प्रश्न येतो: १३० वर असतात तर हे टळलं असतं का? टळलं नसतं, हे सिद्ध करायचं तुम्ही. नाही जमलं, तर नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १९९२ मध्येच हे पक्कं केलं.

आता अमेरिकेतलं मोंटाना पाहा. १९९५ च्या अखेरीस केंद्राचं बंधन उठलं आणि तिथं मोटारींसाठी दिवसाच्या वेगाला आकडाच उरला नाही. 'वाजवी आणि सावध' चालवा, बस. १९९६ मध्ये एकाला ८५ मैलांवर, म्हणजे साधारण १३७ किलोमीटरवर पकडलं. रस्ता कोरडा, रहदारी तुरळक, गाडी नवी. मग किती वेग चालला असता? पोलिसाला सांगता येईना. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम संदिग्ध म्हणून मोडीत काढला, आणि १९९९ मध्ये ७५ मैलांची मर्यादा आली.

चालकावर भरवसा दोघांनीही टाकला. जर्मनीत १३७ ला दंड नाही, पण हिशेब मांडायला १३० चा आकडा आहे. मोंटानात दंड होता, मोजायचं कशाशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला शिस्तीवरची प्रवचनं नकोत, तो १३० हवा.

आणि हो, मार्गिका. (आलंच याचं तुणतुणं, म्हणा खुशाल.) ऑटोबानवर अवजड ट्रकला ८० ची मर्यादा आहे, ओव्हरटेक डावीकडूनच, आणि तो झाला की मुकाट उजवीकडे परतायचं. त्यांची डावी ती आपली उजवी, जी आपण ट्रकांना आंदण दिली आहे. आपल्याकडचा निम्मा अतिवेग त्या ट्रकांवरच्या रागातून येतो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नये. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे मार्गिका मोडणाऱ्यांनाही टिपतात म्हणे. टिपत असतील. ट्रकवाल्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.